तीन बारांची बंदूक

नोव्हेंबरची अखेर जवळ आली, म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आर्कान्सा राज्यांत स्टटगार्ट नांवाच्या लहानशा गांवाचें रूप पालटतें. गांवाभोंवतीं दूरवर भाताचीं खाचरें पसरलेलीं आहेत. पीक निघून गेलेलें असतें, खाचरांत पाणी सांचलेलें असतें, आणि शेजारच्या ओकवृक्षांच्या रानांतहि गुडघ्याइतकें पाणी चढलेलें असतें. कॅनडाच्या माळरानांतील तळ्यांवरून निघालेलीं बदकें मिसिसिपी नदीच्या वाटेनें दक्षिणेकडे येतात, आणि सांडलेल्या भातावर व ओकाच्या फळांवर पोट भरण्यासाठीं येथें उतरतात. बदकाची साद हुबेहूब काढण्याच्या स्पर्धा या गांवीं १९३६ सालापासून भरत आल्या आहेत. सूर्योदयापूर्वीं अर्धा तास शिकारीची कायदेशीर वेळ सुरू होते. त्याच्याहि आधीं, अंधारांतच, रबरी विजार चढवून शिकारी पाण्यांत उतरतो, एखाद्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहतो आणि आकाशाकडे कान देतो.

त्याच्या हातीं बहुधा एक अर्धस्वयंचलित बंदूक असते. ती त्यानें कशी निवडली, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानांतला वाटतो. किंमत किती, वजन किती, कोणत्या कारखान्याची, एवढ्यांत तो मिटावा असें कोणासहि वाटेल. परंतु या बंदुकीचा इतिहास आणि तिची रचना पाहिली, म्हणजे ध्यानांत येतें कीं तिच्या निवडीशीं एका सबंध पक्षिकुळाचें बरेंवाईट बांधलेलें आहे.

भारतांतील श्रोत्यांना हा विषय परका आहे, हें खरें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांत १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांनीं हौसेच्या शिकारीचें दार येथें लावून घेतलें. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर हिंवाळ्यांत तलवार-बदकें व थापटे उतरतात. त्यांना पाहावयास जाणाऱ्याच्या गळ्यांत दुर्बीण असते, खांद्यावर बंदूक नसते. पण त्याच दोन जातींचे पक्षी आर्कान्साच्या पाण्यावरहि उतरतात, आणि तेथें शिकार कायद्यानें चालते. तेव्हां ती कोणत्या बंधनांत चालते, आणि त्या बंधनांनीं बंदुकीची निवड कशी ठरते, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम बंदुकीची ओळख करून घेतली पाहिजे. उडत्या पक्ष्यासाठीं एकच गोळी कामाची नसते. शें-दीडशें बारीक छर्ऱ्यांचा पुंजका सोडावा लागतो. त्यासाठीं नळी आंतून गुळगुळीत असते. पाणपक्ष्यांच्या शिकारींत बारा बोअरची नळी सर्वाधिक चालते. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या पोकळींत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी ओतावी. अशा बारा गोळ्या मिळून एक रत्तल भरल्या, कीं ती नळी बारा बोअरची. हें माप सुमारें साडेअठरा मिलिमीटर येतें. जुन्या दुनळी बंदुकींत दोन नळ्या, दोन काडतुसें आणि दोन बार. अर्धस्वयंचलित बंदुकीला नळी एकच असते; पण एक बार उडाला, कीं रिकामें काडतूस आपोआप बाहेर फेंकलें जातें आणि नवें काडतूस नळींत येऊन बसतें. चाप मात्र प्रत्येक बाराला नव्यानें ओढावा लागतो. म्हणून ती अर्धीच स्वयंचलित.

पहिली यशस्वी अशी बंदूक घडविली ती यूटा राज्यांतील ऑग्डेन गांवच्या जॉन मोझेस ब्राउनिंग यानें. त्याचा बापहि बंदुकांचाच कारागीर होता. १९०० सालीं ब्राउनिंगला या रचनेचें पेटंट मिळालें. विंचेस्टर कारखान्याशीं त्याचा जुना संबंध होता. परंतु या वेळीं त्यानें एकरकमी मोबदला न घेतां विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागें हिस्सा मागितला, आणि तो संबंध तुटला. जानेवारी १९०२ मध्यें तो रेमिंग्टन कारखान्याचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीस गेला. बाहेर वाट पाहत बसला असतांनाच हार्टली हृदयविकारानें निधन पावल्याची वार्ता त्याच्या कानीं आली. तेव्हां ब्राउनिंगनें युरोपची वाट धरली, आणि बेल्जममधील एर्स्टाल येथील कारखान्यांत त्याची बंदूक तयार होऊं लागली. चार काडतुसें पोटांत आणि एक नळींत, असे पांच बार ती भराभर काढी. म्हणून तिचें नांव 'ऑटो-फाइव्ह' पडलें. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती कारखान्यांतून बाहेर पडत होती.

पांच बार भराभर काढणारी बंदूक निघाली, ती वेळ मात्र बदकांच्या दृष्टीनें बरी नव्हती. तत्पूर्वींच बाजारासाठीं शिकार करणाऱ्यांनीं अमेरिकेचे किनारे धुऊन काढले होते. होडीला जोडलेल्या तोफेसारख्या बंदुकांनीं एका बारांत बदकांचा अख्खा थवा पाण्यावर आडवा होई, आणि पिंपें भरभरून पक्षी शहरांतील खानावळींकडे रवाना होत. १९१६ सालीं कॅनडाच्या वतीनें ब्रिटननें अमेरिकेशीं स्थलांतरी पक्ष्यांविषयीं तह केला आणि १९१८ सालीं त्यासाठीं कायदा झाला. बाजारी शिकारीचा धंदा त्यानें बसला. तरीहि १९३० नंतरच्या अवर्षणांत उत्तरेकडील तळीं सुकलीं, पिलें वाढण्यास जागा उरली नाहीं, आणि बदकांची संख्या पुन्हां झपाट्यानें घसरली.

या वेळीं दोन गोष्टी घडल्या. १९३४ सालीं प्रत्येक प्रौढ शिकाऱ्यानें एक डॉलरचें तिकीट विकत घेऊन आपल्या परवान्यावर लावावें, आणि त्या पैशांतून पक्ष्यांसाठीं पाणथळ जमिनी राखाव्या, असा कायदा झाला. पहिल्या तिकिटाचें चित्र जे. एन. डार्लिंग या प्रसिद्ध व्यंगचित्रकारानेंच काढलें. सरकारच्या वन्यप्राणी खात्याची सूत्रेंहि त्या वेळीं त्याच्याच हातीं होतीं. आज हें तिकीट पंचवीस डॉलरांना मिळतें. दुसरी गोष्ट १९३५ सालची. त्या वर्षीं जिवंत बदकें बांधून ठेवून इतरांना भुलविण्यास आणि दाणे टाकून पक्षी जमविण्यास मनाई झाली. आणि बंदुकीच्या पोटांत व नळींत मिळून तीनांहून अधिक काडतुसें राहतां कामा नयेत, असा नियम झाला.

हा नियम पाळण्याचें साधन अगदीं साधें आहे. काडतुसें ज्या नळकांड्यांत भरतात, त्यांत लांकडाचा किंवा प्लास्टिकचा एक दांडका बसवितात. तो एकसंध असावा लागतो, आणि बंदूक खोलल्याशिवाय बाहेर निघूं नये असा असावा लागतो. एवढ्याशा दांडक्यानें पांच बारांची बंदूक तीन बारांची होते. १९९९ पासून हिमहंसांच्या विशेष मोसमापुरती या नियमांतून सूट देण्यांत येते. कारण त्यांची संख्या बेसुमार वाढून उत्तर ध्रुवाकडील कुरणेंच त्यांनीं उकरून टाकलीं आहेत. बदकांच्या बाबतींत तीनांचा नियम कायम आहे.

बंधन नसलें म्हणजे काय होतें, याचा दाखला भारतांतहि दगडावर कोरलेला आहे. भरतपूरच्या पाणथळावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठीं शिकार झाली; त्या एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. आज ती जागा पक्ष्यांचें राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तो आंकडा वाचून येणारेजाणारे क्षणभर थबकतात.

तात्पर्य, कायद्यानें काडतुसांची संख्या सर्वांना सारखीच करून टाकली आहे. म्हणून अधिक बार कोणती बंदूक काढते, हा प्रश्न जाणत्या गिऱ्हाइकापुढें उरतच नाहीं. त्याचा प्रश्न निराळा असतो. थंडींत, चिखलांत आणि घाईंत हे तीन बार कोणती बंदूक भरंवशानें काढील, आणि पहिलाच बार कोणत्या बंदुकीनें नेमका लागेल?

भरंवशाचा विचार यंत्रापासून सुरू होतो. ब्राउनिंगच्या जुन्या बंदुकींत बार उडतांच नळी आणि तिच्या मागचा बोल्ट असे दोन्ही एकत्र मागें सरत. मग नळी आधीं पुढें जाई, रिकामें काडतूस बाहेर पडे, आणि बोल्ट नवें काडतूस घेऊन मागाहून येई. काडतूस हलकें कीं भारी, त्याप्रमाणें आंतील घर्षणाच्या कड्या बदलून बसवाव्या लागत. आतां ही रचना मागें पडली असून दोन प्रकार मुख्यत्वें चालतात.

पहिला प्रकार वायूवर चालणारा. १९६३ सालीं निघालेल्या रेमिंग्टन ११०० या बंदुकीनें तो घरोघर पोहोंचविला. नळीला बारीक भोकें असतात. दारूचा थोडा वायू त्यांतून निघून एका दट्ट्याला मागें ढकलतो, आणि दट्ट्या बोल्टला. धक्का असा थोडा लांबत जातो, त्यामुळें खांद्याला तो सौम्य लागतो. पण वायूबरोबर काजळीहि येते. ती दट्ट्यावर बसते, आणि साफ न केल्यास यंत्र जड चालूं लागतें.

दुसरा प्रकार जडत्वावर चालणारा. इटलींतील ब्रूनो चिव्होलानी या यंत्रज्ञाची ही कल्पना. १९६७ सालीं ऊर्बिनो येथें निघालेल्या बेनेल्ली कारखान्यानें ती बाजारांत आणली. गाडी एकाएकीं निघाली, म्हणजे उभा असलेला मनुष्य मागें कलंडतो. खरें पाहतां तो मागें जात नाहीं. गाडीच त्याच्या पायांखालून पुढें जाते. येथेंहि तसेंच होतें. धक्क्यानें बंदूक मागें येते, बोल्टचा जड भाग मात्र क्षणभर जागच्या जागीं राहतो, आणि मधली राठ स्प्रिंग दाबली जाते. ती उसळली, कीं बोल्ट मागें फेंकला जातो. यांत वायू यंत्राकडे येतच नाहीं. म्हणून आंतली बाजू स्वच्छ राहते, भाग थोडे लागतात आणि बंदूक हलकी होते. परंतु धक्का अधिक तीव्र बसतो. शिवाय बंदुकीला मागें येण्यास मोकळीक हवी. ती पक्क्या आधाराला टेकवून बार काढला, किंवा फारच हलकें काडतूस घातलें, तर यंत्र पुरें फिरत नाहीं. बोल्ट हळूच पुढें सोडला, तर तो पक्का न बसण्याचीहि भीति असते. चाप ओढल्यावर नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि बदकें निघून जातात. म्हणून जाणता शिकारी बोल्ट नेहमीं झटक्यानें सोडतो.

तेव्हां या दोहोंत श्रेष्ठ कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. ज्याचा खांदा नाजूक आहे, जो पुष्कळ बार काढतो, आणि संध्याकाळीं घरीं येऊन बंदूक उघडून पुसण्याचा ज्याला कंटाळा नाहीं, त्याला वायूची बरी. जो चार-चार दिवस दलदलीच्या कांठीं मुक्काम करतो, ज्याला लांब चालत जावें लागतें, त्याला जडत्वाची बरी. कडाक्याच्या थंडींत मात्र दोन्ही प्रकारांना तेल अगदीं बेताचें घालावें लागतें. दाट तेल गोठून चांगल्यांतलें चांगलें यंत्रहि अडून बसतें.

यानंतर येतो छर्ऱ्यांचा प्रश्न, आणि तो अधिक गंभीर आहे. पूर्वीं छर्रे शिशाचे असत. बंदुकींतून सुटलेले बहुतेक छर्रे पक्ष्याला न लागतां तळ्याच्या तळाशीं जाऊन पडत. बदकें दाणे दळण्यासाठीं बारीक खडे गिळतात. त्या खड्यांबरोबर तीं हे छर्रेहि गिळीत. पोटांतील स्नायूंनीं तें शिसें झिजून रक्तांत उतरे, आणि ज्या बदकावर कोणी बार काढलाच नव्हता, तें झुरून झुरून मरे. असें बदक खाणारा गरुडहि त्याच विषानें मरे. फ्रँक बेलरोझ या शास्त्रज्ञानें १९५९ सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं उत्तर अमेरिकेंतील पाणपक्ष्यांपैकीं शेंकडा दोन ते तीन दरवर्षीं शिशाच्या विषानें मरत असावेत. पुढें पुष्कळ वादविवाद होऊन १९९१ सालीं पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाच्या छर्ऱ्यांना सबंध देशांत बंदी झाली.

शिशाची जागा पोलादानें घेतली, आणि बंदुकीचा सारा हिशेब बदलला. त्याच आकाराचा पोलादी छर्रा शिशाच्या छर्ऱ्याच्या सुमारें सात-दशांश वजनाचा भरतो. त्यामुळें त्याचा वेग लवकर मंदावतो. उपाय म्हणून दोन नंबर मोठा छर्रा घेतात. शिशाच्या चार नंबरच्या जागीं पोलादाचा दोन नंबर, म्हणजे सुमारें ३.८ मिलिमीटर व्यासाचा. मोठे छर्रे पुरेशा संख्येनें भरावयाचे, तर काडतूस लांब हवें. म्हणून पूर्वीं पावणेतीन इंचांचें काडतूस पुरत असे, तेथें आतां तीन इंचांचें सर्रास वापरतात. त्यांत सव्वा औंस दोन नंबरचे छर्रे भरले, तर ते सुमारें १५६ होतात. बदकांसाठीं एवढें पुष्कळ झालें. साडेतीन इंचांचें काडतूस मोठ्या हंसांसाठीं उपयोगी आहे. पण त्याचा धक्का असा बसतो, कीं कांहीं बारांनंतर शिकारी चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटूं लागतो. ज्याला मुख्यतः बदकांचीच शिकार करावयाची आहे, त्यानें केवळ मोठें माप पाहून भुलूं नये.

नळीच्या तोंडाशीं जो निरुंदपणा ठेवतात, त्याला चोक म्हणतात. तो अधिक असला, कीं छर्ऱ्यांचा पुंजका दाट राहतो. पोलादी छर्रे कठीण असल्यामुळें चेपत नाहींत, आणि मुळांतच दाट जातात. म्हणून पूर्वीं जेथें पूर्ण चोक लागे, तेथें आतां मध्यम चोक पुरतो. ओकांच्या रानांत बदकें वीस-पंचवीस यार्डांवर उतरतात, तेथें त्याहूनहि मोकळा चोक बरा. उघड्या पाण्यावर पल्ला लांब, तेथें मध्यम. आजोबांची जुनी बंदूक घरांत असली, तर तिच्यांत मात्र पोलादी छर्रे आंधळेपणानें घालूं नयेत. तिची नळी मऊ शिशासाठीं केलेली असते आणि चोकाजवळ फुगण्याचा धोका असतो. अनुभवी कारागिराला ती दाखवावी, किंवा बिस्मथ धातूचे मऊ छर्रे वापरावे. ते महाग पडतात, पण नळी सांभाळतात.

एवढें झाल्यावरहि बंदूक अंगाला बसली पाहिजे. दुकानांत डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावे. नजर नळीच्या पट्टीवरून सरळ टोंकावरच्या मण्यावर गेली, तर ती अंगाला बसते; मान ताणावी किंवा दाबावी लागली, तर बसत नाहीं. ही परीक्षा हिंवाळ्याचा जाड कोट घालूनच घ्यावयाची असते. कारण उन्हाळ्यांत नेमका बसलेला दस्ता कोटावर अर्धा इंच लांब होतो आणि काखेंत अडकतो. सात रत्तलांच्या आसपासचें वजन बरें. फार हलकी बंदूक मध्येंच थांबते आणि छर्रे पक्ष्याच्या मागें जातात. नळी सव्वीस ते अठ्ठावीस इंच पुरे. यंत्राच्या पेटीमुळें ही बंदूक दुनळीपेक्षां मुळांतच लांब असते. सुरक्षेचा खटका हातमोजा घातलेल्या बोटाला सांपडतो कीं नाहीं, डावखोऱ्या मनुष्याच्या तोंडासमोरून काडतूस उडतें कीं काय, हेंहि पाहावें लागतें. आणि एक गोष्ट कधींहि विसरतां कामा नये. ही बंदूक बार काढल्याबरोबर पुन्हां भरलेली असते. पाण्यांत पाय घसरला, तर दुसरा चाप अजाणतां ओढला जाण्यास वेळ लागत नाहीं. बार झाला कीं खटका लावावा. नळींत चिखल गेल्याची शंका आली, तर बंदूक रिकामी करून नळी तपासल्याशिवाय पुढचा बार काढूं नये. होडींत पाऊल टाकण्यापूर्वीं ती रिकामी असलीच पाहिजे.

बंदूक घरीं आली, म्हणजे लगेच पाण्यावर जावयाचें नसतें. मोठ्या पांढऱ्या कागदावर चाळीस यार्डांवरून बार काढावा, दाट भागाभोंवतीं तीस इंच व्यासाचें वर्तुळ आंखावें, आणि आंतील छिद्रें मोजावीं. विरळ जागा दिसली, तर काडतूस किंवा चोक बदलावा. अन्यथा तेवढा पल्ला सोडून द्यावा. हा कंटाळवाणा उद्योग पुष्कळजण टाळतात, आणि त्याचें मोल बदकाला द्यावें लागतें. विरळ पुंजक्यांतील एक-दोन छर्रे लागलेलें बदक पडत नाहीं. तें उडत राहतें, आणि कोठेंतरी लव्हाळ्यांत शिरून दोन दिवसांनीं मरतें. तें कोणाच्या हिशेबांत येत नाहीं.

कायद्यानें शिकाऱ्यावर येथें स्पष्ट कर्तव्य घातलें आहे. पाडलेला पक्षी शोधण्याचा त्यानें योग्य तो प्रयत्न केलाच पाहिजे. जखमी पक्षी हातीं आला, तर त्याला तत्काळ मारून दिवसाच्या ठरलेल्या संख्येंत धरलें पाहिजे. मिसिसिपीच्या वाटेवर ही संख्या अलीकडे सहा बदकांची आहे. म्हणूनच मुरलेले शिकारी कुत्र्यावांचून पाण्यांत उतरत नाहींत, आणि तीन काडतुसांचा हिशेब निराळा धरतात. पहिलें काडतूस पक्ष्यासाठीं. दुसरें, पहिल्यानें काम पुरें झालें नाहीं तर. तिसरें थव्यावर उधळण्यासाठीं नसतेंच; पंख मोडून पाण्यावर पोहत निघालेल्या बदकाचे हाल तेथल्या तेथें थांबविण्यासाठीं तें राखून ठेवलेलें असतें. दुनळी बंदूक हातीं असलेल्याला त्या क्षणीं नवें काडतूस भरावें लागतें, आणि तेवढ्यांत बदक लव्हाळ्यांत नाहींसें होतें. अर्धस्वयंचलित बंदुकीचा खरा उपयोग कोठें असेल, तर तो येथें आहे.

स्टटगार्टच्या रानांत उजाडतें. पाण्यावर हिरव्या डोक्याचीं दोन बदकें पडलेलीं असतात, आणि कुत्रा त्यांतील एक तोंडांत धरून परत येत असतो. दुसरा थवा झाडांच्या शेंड्यांवरून घिरटी घालतो, पण तो फार उंचावर असतो. शिकारी मान वर करून पाहतो आणि बंदूक खालींच ठेवतो. थोड्या वेळानें तो बोल्ट मागें ओढतो. तिसरें काडतूस न उडतांच बाहेर येतें. तें पुसून तो खिशांत टाकतो आणि पाणी तुडवीत गांवाकडे वळतो.